दोन गाड्यांमधली दिल्ली

महाराष्ट्रातून आपल्या शाळेत येणाऱ्या प्रत्येक कॅडेटला वाटतं, की आपल्याला दिल्ली माहीत आहे. निजामुद्दीनच्या कुठल्या फलाटावर चहा बरा मिळतो, पाण्याचा नळ कुठे आहे, पेटी ठेवून तिच्यावर बसायला कुठला खांब चांगला, हे सगळं तो झोपेतही सांगेल. वर्षातून चार वेळा आम्ही दिल्लीवरून जातो. पण दिल्लीत आम्ही कधीच नसतो. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात सामान राखायचं आणि घोषणा ऐकायची, एवढीच आमची दिल्ली.

माझे बाबा या बाबतीत आम्हा सगळ्यांचे सीनियर. मराठा लाइट इन्फंट्रीत २२ वर्षं नोकरी करून ते हवालदार म्हणून निवृत्त झाले. जम्मू, पंजाब, हिमाचल, कुठेही पोस्टिंग असलं तरी रजेवर येता-जाता दिल्ली लागायचीच. हिशेब केला तर पन्नासेक वेळा ते इथून गेले असतील. पण त्यांनी पाहिलं काय? फलाट, एमसीओचं ऑफिस आणि ट्रान्झिट कॅम्प. “लाल किल्ला मी दर वर्षी बघतो,” असं ते घरी म्हणायचे. “पंधरा ऑगस्टला, टीव्हीवर.”

या दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येताना आम्ही तिघे होतो. मी, बाबा आणि आमच्याच तालुक्यातला सहावीचा एक ज्युनियर. आमच्याकडचे पालक आळीपाळीने मुलांना पोहोचवायला येतात. यंदा बाबांची पाळी होती. ज्युनियरचं हे पहिलंच वर्ष. साताऱ्याला गाडीत बसल्यापासून तो गप्प होता. त्याच्या आईने दिलेला फराळाचा डबा त्याने उघडलासुद्धा नाही. रात्री वरच्या बर्थवरून हुंदके ऐकू आले. बाबा उठून उभे राहिले, तेव्हा तो म्हणाला, “काका, मला घरी परत न्या. मला नाही राहायचं तिथे.”

बाबांनी त्याला समजावलं नाही की दटावलंही नाही. ते म्हणाले, “बरं. आधी दिल्लीपर्यंत तर जाऊ. दिल्लीहून गाड्या दोन्हीकडे सुटतात.”

मला हे उत्तर धोक्याचं वाटलं. पण मोठ्यांच्या मध्ये कोण बोलणार?

आमची गाडी साडेतीन तास उशिरा पोहोचली आणि पुढची गाडी निघून गेली होती. नंतरची रात्री दहाला. हाउसमास्टर सरांना फोन करून कळवलं आणि परवानगी घेतली. आता बाबा खांब शोधतील आणि पेटीवर बसतील, असंच मी धरून चाललो होतो. पण त्यांनी काय केलं, तर दोन्ही काळ्या पेट्यांची कुलपं ओढून बघितली, त्या क्लोक रूममध्ये ठेवल्या, पावती पाकिटात घातली आणि म्हणाले, “चला.”

“कुठे?”

“ते बसमध्ये बसल्यावर बघू.”

निजामुद्दीन स्टेशनच्या मागच्या बाजूला सराय काले खाँचा बसचा अड्डा आहे. तिथे समोर जी लाल बस उभी होती, तिच्यावर ‘तीव्र मुद्रिका’ असं लिहिलं होतं. मुद्रिका म्हणजे अंगठी. ही बस रिंग रोडने शहराला पूर्ण वळसा घालून पुन्हा जिथून निघाली तिथेच येते. बाबांनी तिकीट मागितलं तेव्हा कंडक्टरने त्यांच्या केसांच्या कटकडे आणि बुटांकडे पाहिलं आणि विचारलं, “फौजी हो?” त्याचा भाऊ जाट रेजिमेंटमध्ये होता. त्यानेच सांगितलं, की सुटी तिकिटं घेऊ नका, ५० रुपयांत दिवसभराचा पास घ्या, एसी बससुद्धा चालते. मग त्याने आम्हाला डाव्या बाजूच्या खिडक्या दिल्या. बाबांनी त्याला पिशवीतला चिवडा दिला. आमची दिल्लीची सहल अशी ठरली, म्हणजे ठरलीच नाही.

डाव्या खिडकीतून आधी दिसली ती लाल किल्ल्याची पाठ. टीव्हीवर दिसतो तो लाहोरी दरवाजा. इथे यमुनेकडची लांबच लांब तटबंदी. एके काळी नदी या तटाला लागून वाहायची, आज तिथून रिंग रोड जातो. उतरून आत जाता आलं नसतं, कारण सोमवार होता आणि सोमवारी किल्ला बंद असतो. याच किल्ल्यात १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये आझाद हिंद सेनेच्या शाहनवाज खान, प्रेम सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला. पुढे लागला सलीमगड. तिथे आझाद हिंद सेनेचे कैदी ठेवले होते. हे मी ज्युनियरला सांगत होतो. तो ऐकत होता की नाही, ते कळत नव्हतं. पण कपाळ काचेला टेकलेलं होतं आणि डोळे बाहेर होते.

कश्मीरी गेट आलं. हे नाव इतिहासाच्या पुस्तकात भेटलेलं. १४ सप्टेंबर १८५७ ला इंग्रजांच्या सॅपर्सनी हाच दरवाजा दारू लावून फोडला आणि मग त्यांची फौज शहरात शिरली. आज तिथे बसेसची, रिक्षांची आणि माणसांची एवढी गर्दी, की आमची बसच पंधरा मिनिटं शहरातून बाहेर निघेना.

आझादपूरला मात्र आमच्या ज्युनियरने पहिल्यांदा तोंड उघडलं. तिथे भाजी आणि फळांची प्रचंड मंडई आहे. रस्त्याच्या कडेला ट्रकची रांग लागली होती. तो एकदम ओरडला, “एमएच पंधरा! नाशिक!” कांद्याचा ट्रक होता. त्यानंतर पंजाबी बागेपर्यंत आम्ही दोघांनी एमएचच्या गाड्या मोजल्या. मी चार, त्याने सहा. त्याच्या दोन मला मान्य नाहीत.

धौला कुआँला बाबा ताठ बसले. “हे मला माहीत आहे.” दिल्ली कँटोन्मेंट जवळ आलं होतं. कुठला रस्ता कुठे जातो, ते सांगत होते. आम्ही तिथेच उतरून केंद्रीय टर्मिनलची बस पकडली. ती झाडीतून सरदार पटेल मार्गाने निघाली. ग्यारह मूर्ती दिसली. हातात काठी घेऊन पुढे गांधीजी आणि मागे दहा जण, दांडी यात्रेचं शिल्प. मग तालकटोरा. १७३७ साली पहिल्या बाजीरावांनी दिल्लीवर धडक मारली, तेव्हा त्यांचा तळ इथे होता. बाबांनी सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “इथं?” मी हो म्हटलं. त्यांनी बागेकडे मान वळवून वळवून पाहिलं. आपली फौज कुठे थांबली असेल, घोड्यांना पाणी कुठे मिळालं असेल, हेच ते शोधत होते, असं मला वाटतं. शिपाई माणूस जागेकडे असाच बघतो.

केंद्रीय टर्मिनलशेजारी रकाबगंज गुरुद्वारा आहे. १६७५ मध्ये गुरू तेगबहादूरांचं शिर चांदनी चौकात उतरवलं गेलं. त्यांच्या देहावर उघडपणे अंत्यसंस्कार करणं शक्य नव्हतं. तेव्हा लखीशाह वणजारा यांनी देह आपल्या घरात नेला आणि घरालाच आग लावली. तेच हे ठिकाण. आम्ही डोक्याला रुमाल बांधले, आत जाऊन माथा टेकला आणि लंगरच्या पंगतीत बसलो. डाळ, भाजी, पोळ्या, खीर. दोन दिवस नीट न जेवलेल्या ज्युनियरने पाच पोळ्या खाल्ल्या. वाढणारे बाबाजी त्याच्याजवळ आले, की आपोआप थांबायचे.

तिथून इंडिया गेटपर्यंत आम्ही कर्तव्य पथावरून चालत गेलो. २६ जानेवारीची परेड जाते तोच रस्ता. सरळ, रुंद आणि पायाखाली इतका सपाट, की पाय आपोआप तालात पडतात. बाबा पुढे, आम्ही मागे. थोड्या वेळाने पाहिलं तर ज्युनियरने कदम मिळवलेला होता. त्याच्या लक्षातही आलं नसावं.

इंडिया गेट ४२ मीटर उंच आहे. पहिल्या महायुद्धात आणि नंतरच्या अफगाण युद्धात पडलेल्या सैनिकांसाठी १९३१ मध्ये ते खुलं झालं. अमर जवान ज्योत १९७२ पासून याच कमानीखाली तेवत होती. २१ जानेवारी २०२२ ला ती जवळच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातल्या ज्योतीत विलीन झाली. हे स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ ला देशाला अर्पण झालं. एकात एक अशी त्याची चार वर्तुळं आहेत: अमर चक्र, वीरता चक्र, त्याग चक्र आणि रक्षक चक्र. मधोमध स्तंभ आणि ज्योत. रक्षक चक्र झाडांचं आहे. त्याग चक्राच्या ग्रॅनाइटच्या भिंतींवर स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या २५ हजारांहून जास्त जवानांची नावं सोन्याच्या अक्षरांत कोरलेली आहेत.

परमवीर चक्र मिळालेल्या वीरांचे अर्धपुतळे शेजारच्या परम योद्धा स्थळावर आहेत. मी ज्युनियरला रामा राघोबा राणे यांच्यापुढे उभं केलं. कारवारजवळचा हा माणूस, बॉम्बे सॅपर्समधला सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जखमी झाले तरी थांबले नाहीत. ज्युनियरने नाव दोनदा वाचलं.

बाबा मात्र आमच्याबरोबर नव्हते. ते नावं शोधायच्या पडद्यापाशी उभे होते. तिथे नाव घातलं, की ते कुठल्या भिंतीवर आहे ते कळतं. त्यांनी भिंत शोधली आणि एका नावासमोर सावधान उभे राहिले. नाव त्यांच्या खांद्याएवढ्या उंचीवर होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही.

“आम्ही एकाच दिवशी भरती झालो,” ते बऱ्याच वेळाने म्हणाले. “रजेवरून परत यायचो तेही जोडीनं. दिल्लीत पाच-सहा तास मिळायचे. दर वेळी तो म्हणायचा, चल, कुतुबमिनार बघून येऊ. मी म्हणायचो, सामान कोण बघणार? पुढच्या रजेला जाऊ.” मग ते काश्मीरबद्दल एवढंच म्हणाले, की त्या वर्षी थंडी लवकर पडली होती.

ज्युनियरने विचारलं, “काका, त्यांना घरची आठवण यायची?”

“लई. माझ्यापेक्षा जास्त. रजेवरून परतताना अंबाल्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही.”

“आणि अंबाल्यानंतर?”

“अंबाल्यानंतर गप्प बसायचा नाही. युनिटात पोचल्यावर आईच्या लाडवाचा डबा आधी त्याचाच उघडायचा. त्याला एक लाडू मिळायचा, बाकीचे आम्हाला.”

संध्याकाळी तिथे रोज एका शहीद जवानाच्या घरच्यांच्या हस्ते पुष्पचक्र वाहिलं जातं. त्या दिवशी एक वयस्कर बाई आल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक तरुण. बाईंना पायऱ्या उतरायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले. कुणी घाई केली नाही. बिगुल वाजला. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. आमचा ज्युनियर सावधान उभा होता, टाचा जुळलेल्या, अंगठे पँटच्या शिवणीवर. ड्रिल उस्तादांना दाखवायला हवा होता, असा.

मराठी पालकांनी आणि कॅडेट मित्रांनी दिल्लीत मोकळा वेळ मिळाला तर एवढं ध्यानात ठेवावं. क्लोक रूममध्ये सामान ठेवायचं तर प्रत्येक पेटीला कुलूप हवं. शहर बसचा दिवसाचा पास कंडक्टरकडेच मिळतो. युद्ध स्मारकाला तिकीट नाही. सोमवार असेल तर लाल किल्ला धरू नका. आणि शाळेला आधी फोन करा. तीन पास आणि संध्याकाळचा चहा धरून आमचा अख्खा दिवस अडीचशे रुपयांच्या आत झाला.

आम्ही परतलो तेव्हा आठ वाजले होते. पेट्या सोडवल्या आणि फलाटावर नेल्या. ज्युनियरने पेटीवर बसून पिशवीतून डबा काढला आणि झाकण उघडून पहिल्यांदा बाबांपुढे धरला. बेसनाचे लाडू होते. बाबांनी एक घेतला, मी दोन.

“काका, कुतुबमिनार राहिला,” तो म्हणाला.

“वही आहे ना? लिहून ठेव.”

त्याने पेन काढलं. गुडघ्यावर वही ठेवून त्याने लिहिलं, ते मी वरून वाचलं: ‘कुतुबमिनार. डिसेंबरात सुट्टीला जाताना. काका, दादा आणि मी.’ बाबांनी ते वाचलं आणि मान हलवली. गाड्या कुठे कुठे सुटतात याचा विषय त्यांनीही काढला नाही आणि त्यानेही नाही. दहाची गाडी लागली तेव्हा पेटीची एक कडी मी धरली. दुसरी त्याने आधीच उचलली होती.