घाट कोणी बांधले?

काशी दाखवण्याची एक ठरलेली रीत आहे. पहाटे नाव, मग विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव; दुपारी सारनाथ; संध्याकाळी दशाश्वमेधावरची आरती; मधे कुठेतरी कचोरी-जिलेबी आणि पान, थंडीचे दिवस असतील तर मातीच्या कुल्हडातलं मलइयो. या रीतीशी माझं भांडण नाही. मलइयोसाठी तर काशीला हिवाळ्यातच जावं, असं माझं ठाम मत आहे. तक्रार आहे ती या सगळ्याबरोबर पदोपदी ऐकवल्या जाणाऱ्या एका वाक्याबद्दल. नावाडी, वाटाडे, हॉटेलातली माहितीपत्रकं, सगळे समोरच्या घाटांकडे बोट दाखवून सांगतात, की हे हजारो वर्षांपासून असंच आहे. शहराबद्दल ते खरंच आहे. राजघाटाच्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या वस्तीचे थर सापडलेले आहेत. पण नावेतून दिसणाऱ्या त्या अर्धचंद्राकार काठावरचा दगड, त्या पायऱ्या, बुरूज आणि वाडे, यांतला बहुतेक भाग अठराव्या-एकोणिसाव्या शतकातला आहे. पुण्याच्या शनिवारवाड्याहून काशीचे पुष्कळसे घाट वयाने लहान आहेत. हे ठाऊक नसलं, तर काशीतली सर्वांत मोठी पाहण्याजोगी गोष्ट डोळ्यांसमोर असूनही निसटते, आणि मराठी प्रवाशाच्या बाबतीत तर फारच निसटते.

पुरावा काठाकाठानेच मिळतो. दशाश्वमेध हे तीर्थ पुराणांतलं, पण तिथला पक्का घाट नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४८च्या सुमाराला बांधला गेला. त्याला लागून दक्षिणेला अहल्याबाईंचा घाट. त्याच्या पुढचा मुनशी घाट नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुनशी यांनी १८१२ साली बांधला. त्याचाच एक भाग १९१५ साली दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला, म्हणून आज तो दरभंगा घाट. आणखी दक्षिणेला अमृतराव पेशव्यांचा राजा घाट. उत्तरेला शिंदे घाट, भोसले घाट, जटार घाट. पंचगंगेपलीकडे नारायण दीक्षित पाटणकरांशी जोडलेले दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट, ज्यांच्या मागच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी घरं राहत आली. विश्वनाथाचं मंदिर १६६९ साली पाडलं गेलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० साली, आजचं मंदिर अहल्याबाईंनी उभारलं आणि पुढे शिखरावर सोनं चढवलं ते रणजितसिंहांनी. आता या यादीशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवून पाहावी. या सगळ्या काळात काशीवर मराठ्यांचं राज्य कधीच नव्हतं. प्रयाग आणि काशी आपल्या हाती यावीत, ही पेशव्यांची इच्छा होती; ती पुरी झाली नाही. शहर आधी अवधच्या नबाबाच्या मुलखातलं, कारभार बनारसच्या राजांकडे, आणि १७७५ पासून कंपनीच्या हाती. म्हणजे जिथून एक पैचा महसूल यायचा नाही, अशा परक्या मुलखात या माणसांनी दगड रचला.

त्यातही बांधणारे कोण होते, हे पाहिलं की मन जास्त गुंतत जातं. अमृतरावांना १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुण्याच्या कारभारावर बसवलं, आणि वर्षभरात कंपनीशी करार करून ते तनखा घेऊन उत्तरेत आले. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे भाऊ चिमाजीअप्पा काशीत येऊन राहिले. त्यांच्या पदरी असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका इथेच जन्मली, पुढे ती झाशीची राणी झाली. ज्यांचं राज्य संपलं किंवा संपत आलं, अशा माणसांची ही काशी आहे. सत्तेच्या खुणा म्हणून किल्ले बांधतात. इथले घाट मात्र सत्ता नसताना किंवा हातून सुटत असताना बांधलेले आहेत, आणि म्हणूनच मला ते कोणत्याही किल्ल्यापेक्षा अधिक बोलके वाटतात.

याचं सर्वांत ठळक उदाहरण मणिकर्णिकेच्या लगेच उत्तरेला आहे, आणि तिथेच सर्वांत जास्त दिशाभूलही होते. चितांचा धूर आणि लाकडांच्या राशी मागे पडतात, आणि शिंदे घाटाच्या पायथ्याशी, थेट पाण्याच्या कडेला, एक मंदिर मागे रेललेलं दिसतं. हे रत्नेश्वर महादेव. शिखर रेखीव, नागर धाटणीचं, पुढे खांबांचा मंडप, आणि सगळी वास्तू सुमारे नऊ अंशांनी कललेली. गाभारा वर्षाचा मोठा भाग पाण्यात असतो. पाणी उतरतं तेव्हा खांबांच्या बुडाशी करड्या गाळाचा थर वाळून चिरफळलेला दिसतो आणि मंडपाच्या दगडावर पाण्याच्या पातळ्यांच्या रेघा एकीखाली एक उमटलेल्या असतात. काशीत सर्वाधिक छायाचित्रं घेतल्या जाणाऱ्या जागांपैकी ही एक आहे. गर्दीला सांगितली जाणारी गोष्ट अशी, की कोणा एकाने आईसाठी हे मंदिर बांधलं आणि ‘आता तुझं ऋण फिटलं’ असं म्हटलं. आईच्या दुधाचं ऋण फिटत नसतं म्हणून तिने शाप दिला आणि मंदिर कललं. दुसरी गोष्ट अहल्याबाईंच्या रत्ना नावाच्या दासीची: तिने मंदिराला स्वतःचं नाव दिलं, म्हणून अहल्याबाईंचा शाप लागला. माझा राग या गोष्टींवर आहे. लोककथा म्हणून त्या ऐकाव्यात, आईच्या ऋणाची भावनाही खरी आहे. पण दोन्हींत बाई उरते ती शाप देणारी म्हणून, आणि जिने हा प्रचंड घाट प्रत्यक्षात बांधला त्या बाईचं नावसुद्धा कोणी घेत नाही.

ती बाई म्हणजे बायजाबाई शिंदे, कोल्हापूरकडच्या कागलच्या घाटग्यांची लेक. दौलतराव शिंदे १८२७ साली गेले आणि ग्वाल्हेरचा कारभार तिने हाती घेतला. ज्ञानवापीच्या विहिरीवरचा खांबांचा मंडप १८२८ सालचा, तिचाच; हा घाट १८३०चा. १८३३ साली दत्तक मुलाच्या पक्षाने तिला ग्वाल्हेरातून बाहेर काढलं. पुढे १८५७ साली मथुरेत ती मोठा यज्ञ करणार, ही वार्ता कोकणात पेणजवळच्या वरसईला पोचली आणि दक्षिणेच्या आशेने विष्णुभट गोडसे घराबाहेर पडले. ‘माझा प्रवास’ हे मराठीतलं अजोड प्रवासवर्णन आपल्याला लाभलं, त्यामागेही अशी ही बायजाबाई उभी आहे. तिच्या घाटाचं काय झालं? तो खचला. बांधकामाचं वजन पेलवलं नाही, असं सर्वसाधारणपणे सांगतात, आणि जागेवर उभं राहिलं की ते पटतं. गंगा इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते आणि वळणाच्या बाहेरच्या, प्रवाह सतत आदळणाऱ्या उंच काठावर शहर वसलेलं आहे. १९७८च्या महापुरात पाण्याची पातळी ७३.९०१ मीटरवर गेली होती. हिवाळ्यातल्या पातळीहून हे दहा मीटरपेक्षा जास्त. दर पावसाळ्यात काठाची माती पाणी पिऊन फुगते, आणि पूर झपाट्याने ओसरला की तीच ओली माती मागून दगडी भिंतीला ढकलते. घाट म्हणजे नुसत्या स्नानाच्या पायऱ्या नव्हेत; काठ धरून ठेवणारी ती भिंत आहे, आणि भिंत चुकली की सगळंच घसरतं. रत्नेश्वराचं चित्र १८२०च्या दशकात बनारसच्या टांकसाळीत नोकरीला असलेल्या जेम्स प्रिन्सेपने काढलं आहे. दार पाण्याखाली गेलं की पुजारी बुडी मारून पूजेला जातो, अशी नोंदही त्याने केली. म्हणजे नदीशी झुंज या मंदिराला पहिल्यापासूनच आहे. कलण्याचं कारण नदीत, मातीत आणि पायात शोधावं. चुनारच्या खाणीतला वाळूचा दगड नावांवर चढवून प्रवाहाबरोबर खाली आणायचा, असल्या काठावर रचायचा, तो खचला तर पुन्हा बांधायचा, यात जो अचंबा आहे तो शापाच्या गोष्टीत शोधूनही सापडणार नाही.

यावर भाविकांचा आक्षेप मला दिसतो, आणि तो हलका नाही. काशी सनातन आहे ती दगडामुळे नव्हे, तीर्थामुळे. मणिकर्णिका, पंचगंगा ही नावं काशीखंडात आहेत, मग पायरी कोणत्या साली बसवली याच्याशी यात्रेकरूला काय करायचं आहे? मला वाटतं, करायचं आहे. तीर्थाचं माहात्म्य ग्रंथात टिकतं, पण पूर येणाऱ्या काठावर म्हाताऱ्या माणसाला पाण्यापर्यंत उतरता येतं ते कोणीतरी पायरी बांधली म्हणून. बांधणाऱ्यांची श्रद्धाच इथे सनावळीच्या रूपाने उभी आहे. शिवाय मराठी यात्रेकरूचा इथला मार्ग दगडाच्याही आधी विद्येने घातला होता. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांनी प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांच्या यात्रेवर ‘त्रिस्थलीसेतु’ लिहिला. याच घराण्यातले गागाभट्ट १६७४ साली राज्याभिषेकासाठी रायगडावर आले. आणि पैठणच्याच एकनाथांनी शके १४९५च्या कार्तिकी पौर्णिमेला आपलं भागवत काशीत पुरं केलं. संस्कृत पंडितांच्या या गावात मराठी ग्रंथ संपूर्ण झाला, ही मला काशीतली फार मोठी घटना वाटते, आणि एकाही सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचा उल्लेख नसतो.

दुसरा आक्षेप असा, की ही प्रांताभिमानाची यादी झाली. तशी ती वाचली तर चूक ठरेल. मानमंदिर आमेरच्या राजांचं, दुर्गाकुंडाचं मंदिर बंगालच्या राणी भवानीचं, ललिता घाटावरचं पशुपतिनाथ नेपाळचं. काशी अख्ख्या देशाने वर्गणी काढून बांधावी तशी बांधली गेली आहे आणि त्या वर्गणीत मराठी वाटा मोठा आहे, एवढंच म्हणणं आहे. शिवाय यात मालकीचा प्रश्न उद्भवतच नाही, कारण देणाऱ्यांची इथे मालकी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये खुल्या झालेल्या विश्वनाथ धामात अहल्याबाईंचा पुतळा बसवला आहे, ते योग्यच झालं. पण एका पुतळ्यापाशी हात जोडून बाकीच्या काठाकडे पाठ फिरवणं बरोबर नाही. बायजाबाईंचा घाट, मुनशींचा घाट, अमृतरावांचा घाट ही त्याच तोलाची स्मारकं आहेत.

म्हणून काशीला निघणाऱ्यांना विनंती आहे: दोनच दिवस हाताशी असले तरी दुसरी नावेची फेरी सोडा आणि एक सकाळ दशाश्वमेधापासून पंचगंगेपर्यंत पायी चाला. घाटांवर नावं लिहिलेली आहेत, ती वाचा. घाटियांच्या, म्हणजे घाटावरच्या पुरोहितांच्या, छत्र्यांखाली टेका, घाई करू नका. पंचगंगेला पोचलात की औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं बिंदुमाधवाचं मंदिर पाहा, आणि त्याआधी काठावरचा हजार दिव्यांचा दगडी दीपस्तंभ. तो अहल्याबाईंचा असं सांगतात, आणि कार्तिकी पौर्णिमेला, एकनाथांचं भागवत पुरं झालं त्याच तिथीला, तो उजळतो. जुलै ते सप्टेंबर मात्र टाळा. त्या महिन्यांत घाटांना जोडणाऱ्या पायऱ्या पाण्याखाली असतात, आणि पूर ओसरल्यावर पंपाने पाणी मारून गाळ हटवेपर्यंत ही वाट पायी चालता येत नाही.