मालवणच्या बाजारात

मासळीसाठी ख्यातकीर्त असलेल्या मालवणात आपल्या आहाराचे कसे होणार, या चिंतेने आम्ही घरूनच आठवड्याचा शिधा बांधून नेला. उतरलो तेथे स्वयंपाकाची सोय होती. आठवडा बाजार पाहिला आणि ते ओझे व्यर्थ वाटले.

फ्लॉवर, ढोबळी मिरची घाट उतरून बेळगाव-कोल्हापूरकडून आलेली; त्यांच्या भावात गाडीभाडे मिसळलेले. खेड्यांतून आलेल्या बायकांपुढे मात्र तांबडी भाजी, कुळीथ, काळे वाटाणे, उकडा तांदूळ, नारळ आणि आमसुले होती. आम्ही तेवढेच घेतले.

वाटाणे रात्री भिजवून, मोड येऊ न देता, नारळाच्या वाटपात शिजवले. सोलकढीत येथे बहुधा लसूण असतो. घरी तो टाळता आला. चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य. त्या दिवशी हिंग-मिरचीची कुळथाची पिठी आणि भात. आंबटपणा आमसुलाचा, त्यामुळे कडधान्यात दही मिसळून द्विदलाचा दोष लागण्याचा प्रश्नच आला नाही. सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकत.

खर्च हॉटेलपेक्षा पुष्कळच कमी झाला. घरून नेलेला शिधा बराचसा परत आला. परगावी भाव विचारण्यापूर्वी माल कोठून आला हे विचारावे. व्यापारातली ही सवय प्रवासातही उपयोगी पडते.