रिपोर्ट नॉर्मल, बोटं मात्र बधिर

उमरीहून नांदेडला तपासणीला गेलेलं माणूस संध्याकाळच्या गाडीनं परत येतं, तेव्हा पिशवीत ईसीजीची पट्टी असते, थायरॉइडचा, साखरेचा, हिमोग्लोबिनचा कागद असतो. काही झालेलं नाही, असं सगळे कागद सांगतात. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. दुखणाईत मात्र आणखी एकटा पडतो, कारण छातीतली धडधड तशीच असते. डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. तो म्हणाला, टेन्शन नाहीच हो मला. हे उत्तर खोटं नसतं, अशी माझी पक्की खात्री आहे.

माझ्या चुलतीचंही तेच उत्तर. ‘लेकरं मार्गी लागली, मला कायचं टेन्शन गं माय?’ दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीन कापून शेतात गंजी लावलेली होती, मळणीयंत्राची पाळी यायची होती. दुपार कलली तसं आभाळ भरून आलं. काकू ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. हात चालू, गप्पाही चालू. पण दोन वाक्यं झाली की एक लांब उसासा. खांदे कानाकडे चढलेले. थोड्या वेळानं शेंगा बाजूला ठेवून त्या अंगठ्यानं बोटांची टोकं चोळू लागल्या. ‘बघ, मुंग्या यायल्यात. ओठालाबी.’ चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नाही. आभाळाकडे त्यांनी एकदाही मान वर करून पाहिलं नव्हतं. गंजीवर ताडपत्री नीट बांधली का, हे मात्र दोनदा विचारून झालं होतं.

त्या मुंग्यांना सरळ कारण आहे. उसाशांवर उसासे टाकले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं आणि नसा हुळहुळ्या होतात. ओठ आणि बोटांची टोकं आधी बोलतात. धोक्याची वर्दी मेंदूला विचार सुरू होण्याआधीच मिळू शकते. अॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, तोंडाला कोरड पडते, पोटाकडचं रक्त स्नायूंकडे वळतं. हे सगळं व्हायला ‘मी घाबरले’ असं मनाशी म्हणावं लागत नाही. ज्या बाईला उभ्या आयुष्यात हंगाम सोडून घाबरत बसायला सवड मिळाली नाही, तिच्या बाबतीत तर मनाला खबर पोचतच नाही.

जेकब डा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरानं 1871 मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांबद्दल लिहिलं. छातीत दुखणं, धडधड, थोड्या श्रमानं दम लागणं, आणि तपासावं तर अनेकांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. त्यानं त्यांना ढोंगी ठरवलं नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. इतकं दूर जायलाही नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीला जमीन हलली. औशाकडचे माझे एक मामा त्यानंतर कित्येक वर्षं, रात्री जड ट्रक गेला की उठून बसायचे, पोट बिघडायचं. ‘भ्यायला मी काय लहान हाय का?’ म्हणायचे, आणि ते अगदी मनापासून.

म्हणून ‘टेन्शन आहे का?’ हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कधी होतं, तेव्हा काय चाललेलं असतं, कुणाचा फोन आल्यावर, कुठल्या तारखेच्या आसपास, हे विचारायला हवं. काकूंना असं विचारल्यावर त्या बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पाण्यापावसाच्या दिवसात जास्त. आन् सोसायटीची नोटीस आल्यावर.’ पुढच्या खेपेला हेच त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, आणि त्यानंतर गोळीसोबत सावकाश श्वास सोडण्याचा सराव सुरू झाला. नांदेडला जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं.

पण कागद हातात येण्याआधी कुणाही बाईच्या छातीतल्या दुखण्याला ‘टेन्शन’ म्हणून मोकळं होऊ नये. छाती आवळून दुखतेय, घाम फुटलाय, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जातेय, तर गॅसची गोळी शोधत बसायचं नाही. त्याच क्षणी गाडी काढायची आणि आधी ईसीजी करायचा.