ल्वार नदीच्या काठाने

ल्वार ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. हजार किलोमीटरहून थोडी अधिकच. तिच्या काठाकाठाने समुद्रापर्यंत सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकलमार्ग आखलेला आहे. चिरंजीव नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. त्याच्या आग्रहावरून जून महिन्यात आम्ही तूर ते आंब्वाझ हा पंचवीसेक किलोमीटरांचा टप्पा निवडला. मार्ग बहुतांशी सपाट असल्याने साठी ओलांडलेल्या गुडघ्यांनी तक्रार केली नाही. उथळ पाणी, वाळूची बेटे, पुरापासून रक्षणासाठी शतकांपूर्वी घातलेले बांध आणि पुढे मोंलुई गावचे द्राक्षमळे. तेथे सूर्य पावणेदहानंतर मावळतो आणि उपाहारगृहे सायंकाळी सातच्या सुमारास उघडतात. त्यामुळे चौविहाराची चिंता उरली नाही.

परंतु हा मुलूख वाइनचा. प्रवासी येतात ते तळघरांत शिरून चव घेण्यासाठी. ही तळघरे मुळात दगडाच्या खाणी. मऊ, पांढरा चुनखडक कापून लोकांनी घरे आणि वाडे बांधले. उरलेल्या पोकळीत वाइन मुरू लागली. आत बारा अंशांच्या आसपास गारवा, तोही बारमाही.

नोकरीतील काही वर्षे मी तासगाव भागात काढली. शीतगृहातील बेदाण्याच्या तारणावर कर्जे मंजूर केली. त्यामुळे इथला व्यवहार समजून घेण्याचा मोह मला आवरला नाही. मोंलुईच्या नावाला १९३८ पासून कायद्याचे संरक्षण आहे. त्या नावाने माल विकायचा तर द्राक्ष शेनँ ब्लाँ हेच हवे आणि हेक्टरी उत्पादनालाही मर्यादा. पीक मुद्दाम कमी घेऊन नाव आणि भाव राखणारा बागायतदार आपल्याकडे विरळाच!

मालकीणबाईंनी पेला पुढे केला. मी हात जोडले. शेजारच्या प्रवाशाने थुंकण्याच्या भांड्याकडे बोट दाखवले. जाणकार मंडळी चव घेऊन तेथे थुंकतात. तोही मार्ग आमचा नव्हे, हे चिरंजीवाने फ्रेंचमध्ये समजावले. बाईंनी अधिक विचारले नाही, आग्रहही केला नाही.

सौभाग्यवती आत आल्याच नाहीत, सायकलींपाशी थांबल्या. बाहेर येताच मी त्या व्यवस्थेचे उत्साहाने वर्णन करू लागलो. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, करणे, करविणे आणि अनुमोदन देणे, तिन्हींचा दोष सांगितला आहे ना? मग तुमचे हे कौतुक कशात धरायचे?"

"मी हिशेबाचे कौतुक करतो आहे, मालाचे नव्हे," मी म्हणालो.

"मालावाचून हिशेब असतो का?"

छत्तीस वर्षे कर्जाचे प्रस्ताव तपासले, पण असा शेरा कोणा निरीक्षकाने मारला नव्हता. पाहणे आणि समजून घेणे म्हणजे अनुमोदन नव्हे, असे माझे मत अजूनही आहे. चिरंजीव माझ्या बाजूचा, सूनबाई सासूबाईंच्या. आंब्वाझचा किल्ला दिसू लागला तरी वाद मिटला नव्हता.