करणीची बाधा

नववीच्या वर्गात फळ्यावर ‘करणी’ हा शब्द लिहिला, की मागच्या बाकांवर खसखस पिकते. लिंबू-मिरची निघतेच. मी हसू देते. हसून झालं, की √२ ची धास्ती जरा कमी होते.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घटक चाचणीत मी एक विधान दिलं होतं: ‘दोन अपरिमेय संख्यांची बेरीज अपरिमेयच असते.’ चूक की बरोबर? उत्तरसूचीत मीच ‘बरोबर’ लिहून ठेवलेलं. एका मुलीनं ‘चूक’ लिहिलं, मी गुण कापला. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन दारात उभी.

“बाई, पाच अधिक करणी तीन आणि पाच वजा करणी तीन मिळवले तर दहाच येतात ना?”

येतात. गुणले तर २५ वजा ३, म्हणजे २२. ज्या अनुबद्ध जोडीच्या जोरावर मी रोज छेदाचं परिमेयीकरण शिकवत होते, तिनंच माझी उत्तरसूची खोटी पाडली. घरी नेऊन सगळे पेपर पुन्हा तपासले.

तेव्हापासून नियमांचा तक्ता देणं बंद केलं. दोन अपरिमेय एकत्र आल्या, तर आधी काही सांगता येत नाही. प्रत्येक जोडी तपासावी लागते. √२ + √३ घ्या. वर्ग केला तर ५ + २√६. बेरीज परिमेय असती, तर वर्गही परिमेय, आणि मग √६ सुद्धा परिमेय ठरली असती. ती तशी नाही.

एक परिमेय आणि एक अपरिमेय असेल, तर मात्र बेरीज अपरिमेयच. इथे उलटा हिशोब करायचा. ३ + √२ परिमेय आहे असं धरा. त्यातून ३ काढून घ्या. परिमेयातून परिमेय गेली, तर परिमेयच उरायला हवी, उरली √२. गुणाकारातही हेच, फक्त वजाबाकीऐवजी भागाकार. म्हणूनच तिथे शून्य वेगळं काढावं लागतं: शून्यानं भागून मागे फिरता येत नाही. हे ‘म्हणूनच’ मुलांना कळलं, की पाठांतर आपोआप सुटतं.

कॅल्क्युलेटरवाले वेगळेच अडतात. १.४१४ ला १.४१४ नं गुणून १.९९९३९६ दाखवतात आणि विचारतात, “दोन कुठे आले?” अरे, शेपूट तू तोडलंस! करणी शेवटपर्यंत करणीच ठेवावी. २२/७ ला पाय समजणाऱ्यांनाही हेच सांगणं.

भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त २ आणि ८ या करण्यांची बेरीज विचारली आहे. √८ म्हणजे २√२. बेरीज ३√२, म्हणजेच √१८. पुढे ३ आणि ७ याही करण्या दिल्या आहेत, ज्या एकमेकींत मिसळत नाहीत. त्या वेगवेगळ्याच लिहायच्या. न जुळणारी जोडी मुद्दाम उदाहरणात घालणारा हा माणूस मला हाडाचा शिक्षक वाटतो.

“बाई, तुम्हालाही न येणारी बेरीज आहे का?” असं कुणी विचारलंच, तर मी पाय आणि ई यांची नावं घेते. दोन्ही अपरिमेय. त्यांची बेरीज आणि गुणाकार एकाच वेळी परिमेय असू शकत नाहीत, इतकं सिद्ध होतं. पण नुसती पाय अधिक ई परिमेय की अपरिमेय, हे आजवर कोणालाच सिद्ध करता आलेलं नाही.