हँग आऊट

अलिबागच्या बाजारपेठेत 40 वर्षे किराणा दुकान चालविणाऱ्या एका शेठजींना वयाच्या 68व्या वर्षी दोन इंग्रजी शब्दांनी कोड्यात टाकले. मुंबईत शिकणाऱ्या नातवाचा निरोप आला, ‘दादाजी, शनिवारी रो-रोने मांडव्याला उतरतो. संध्याकाळी किनाऱ्यावर हँग आऊट करू या.’

हँग म्हणजे टांगणे, आऊट म्हणजे बाहेर, एवढे त्यांना येत होते. व्यापाऱ्याला लटकलेली उधारी ठाऊक असते. किनाऱ्यावर दोऱ्यांवर काय टांगतात हेही ठाऊक असते. दोन्ही अर्थ जुळेनात. कोणाला विचारावे, तर ‘अलिबागहून आलात का?’ हे ऐकण्याची धास्ती. (या वाक्प्रचारावर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात केलेली याचिका 2019 मध्ये फेटाळली गेली, म्हणजे धास्ती कायमच!)

अखेर नातवानेच उलगडा केला. इंग्रजी क्रियापदाला लहानसा शब्द चिकटला की मूळ अर्थाचा भरवसा राहत नाही. हँग ऑन म्हणजे जरा थांबा, हँग अप म्हणजे फोन ठेवणे. आणि हँग आऊट म्हणजे आपल्या माणसांसोबत, काही काम न काढता, वेळ घालविणे. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये, 1836-37 च्या सुमारास, हाच प्रयोग ‘मुक्काम असणे’ या अर्थी आढळतो.

काम न काढता? शेठजींना हेच अवघड. सामायिकाची 48 मिनिटे ते रोज अढळ बसत. परंतु त्या बसण्याला आसन आहे, मुहपत्ती आहे, हेतू आहे. वाळूवर नुसते बसायचे ते कशासाठी?

शिवाय नातवाला सूर्यास्त पाहावयाचा, आणि शेठजींचे जेवण सूर्यास्तापूर्वी. चोविहार कधी मोडला नव्हता. त्या शनिवारी घरात साडेपाचलाच पाने वाढली गेली, आणि दुकान गुमास्त्यावर सोपवून दोघे निघाले.

ओहोटी होती. कुलाबा किल्ल्यातून लोक चालत परतत होते. पहिली दहा मिनिटे शेठजी तूरडाळीच्या भावावर बोलले. मग तो विषय संपला आणि दुसरा सुचेना. बऱ्याच वेळाने नातू म्हणाला, ‘दादाजी, मी दुकानात येणार नाही. पप्पांना अजून सांगितलेले नाही.’

शेठजी किल्ल्याकडे पाहत राहिले. सूर्य बुडाला. ते रागावले असे समजून नातू उठू लागला.

‘हँग ऑन,’ शेठजी म्हणाले. ‘बस. करायचे काय ठरविले आहेस, ते तर सांग.’

त्या दिवशी प्रतिक्रमणाला उशीर झाला.