कोजागिरीचे ताट आणि घरातील वडीलधारे

शरद ऋतूला वैद्यांची आई म्हणण्याची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पाऊस सरतो, दुपारचे ऊन पोळू लागते, पहाटे अंगावर गोधडी ओढावीशी वाटते आणि दवाखान्यातील बाके भरू लागतात. जळगाव-धुळे परिसरात पंचवीसहून अधिक वर्षे रुग्ण पाहिल्यानंतर मला असे दिसते, की या दिवसांतील काही दुखणी हवेतून येतात आणि काही सणाच्या ताटातून. म्हणूनच यंदा कोजागिरीला आपल्या घरी जेवणावळ ठेवणार असाल, तर तयारीच्या यादीत दूध, चारोळी आणि भरिताच्या वांग्यांबरोबर घरातील आजी-आजोबांचीही नोंद करावी, ही विनंती करण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

खान्देशात आश्विन पौर्णिमेला तीन गोष्टी एकत्र येतात. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर चाललेल्या भुलाबाईच्या गाण्यांची सांगता होते. घरातील ज्येष्ठ अपत्याची ‘आश्विनी’ होते, म्हणजे त्याला पाटावर बसवून ओवाळले जाते. आणि रात्री चांदण्यात दूध आटवले जाते. याच सुमारास भरिताची नवी, मोठी, हिरवी वांगी बाजारात दिसू लागतात. जळगावच्या या वांग्यांना आणि केळ्यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे, हे आपण जाणताच. तेव्हा मुंबई-पुण्याहून मुले आलेली असली, की भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी आणि शेवटी दूध असा बेत ठरतोच.

अशा रात्री वृद्धांच्या बाबतीत घरे साधारणतः दोन वाटा धरतात. पहिली वाट, ‘एका दिवसाने काय होते?’ असे म्हणून सारे वाढण्याची. दुसरी, पथ्याच्या नावाखाली त्यांना आठ वाजताच आतल्या खोलीत दुधीची भाजी आणि फुलका देऊन निजवण्याची. पहिल्या वाटेचे परिणाम दुसऱ्या दिवशी दवाखान्यात दिसतात. दुसऱ्या वाटेचे परिणाम उशिरा दिसतात आणि पुष्कळदा ओळखूच येत नाहीत.

काही वर्षांपूर्वी ऐंशी ओलांडलेले एक शेतकरी बाबा माझ्याकडे आणले गेले. ‘आठ दिवसांपासून अन्नावरची वासनाच उडाली आहे,’ असे मुलाने सांगितले. ताप नव्हता, साखर बरी होती, पोट मऊ होते, रक्ततपासणीतही काही निघाले नाही. मुलगा औषधे आणण्यास बाहेर गेला, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “डॉक्टर, मन्हं ताट न्यारं कसाले?” माझे ताट वेगळे कशाला, एवढाच त्यांचा प्रश्न होता. ज्या घराच्या गच्चीवर भरीत-पार्टी झाली, ते घर त्यांनी बांधले होते आणि वांगी त्यांच्याच मळ्यातील होती. मी त्यांना औषध लिहून दिले नाही. मुलाला बोलावून आजचे रात्रीचे जेवण बाबांसमवेत एकाच पंगतीत करण्यास सांगितले. दोन दिवसांनी सुनेचा निरोप आला, बाबा भाकरी मागून घेत आहेत. प्रत्येक वृद्धाची भूक अशी परत येत नाही, आणि भूक मेल्यावर तपासण्या कराव्याच लागतात. तरीही ताट कोठे मांडले आहे, हा प्रश्न तपासण्यांइतकाच विचारण्याजोगा आहे, हे त्या बाबांनी मला शिकवले.

आता व्यवहाराकडे वळू. सर्वांत आधी वेळ. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या वृद्धाने नेहमीप्रमाणे सात वाजता औषध घेतले आणि पाहुण्यांची वाट पाहता पाहता ताट दहाला आले, तर मधल्या काळात साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. दिवसभर कोजागिरीचा उपवास असेल, तर धोका अधिक. तरुणांना अशा वेळी घाम येतो, हात कापतात. वृद्धांत कधी कधी केवळ गोंधळलेपण, चिडचिड किंवा गुंगी दिसते आणि घरचे म्हणतात, ‘दमले असतील.’ म्हणून ताट वाढण्याची वेळ नक्की झाल्याखेरीज जेवणाआधीचे औषध देऊ नये. त्याहून बरे, म्हणजे पंगतच साडेसातला बसवावी आणि दूध मागाहून निवांत होऊ द्यावे. उपवास करायचा असल्यास औषधांचा बदल आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावा. साखर 70 च्या खाली गेली किंवा तशी शंका आली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजावी. माणूस शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी गोष्ट पदार्थांची. समाधानाची बाब अशी, की आपले भरीत हे वृद्धांचे अन्न आहे. भाजून ठेचलेले वांगे मऊ असते, कवळी नसली तरी गिळता येते. फोडणी घालण्यापूर्वी त्यातील एक वाटी बाजूला काढावी, मिरची आणि तेल बेताचे ठेवावे, शेंगदाणे अख्खे न घालता कुटून घालावेत. भाकरी ताज्या वरणात किंवा पातळ रश्शात कुस्करावी. खरी काळजी मिठाची घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दिवसाचे एकूण मीठ 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमचाभराहून कमी असावे. शेव, पापड, लोणचे आणि कळण्याच्या भाकरीतील मीठ एकत्र आले, की ती मर्यादा एका ताटातच ओलांडली जाते. हृदय अशक्त असलेल्यांच्या अंगात त्या मिठाबरोबर पाणी साठते. शेवभाजीचा रस्सा दोन चमचे चाखावा, शेव वरून चिमूटभर घ्यावी, पापड आणि लोणचे त्या दिवशी वर्ज्य करावे.

मूत्रपिंड क्षीण झालेल्यांनी आपल्या प्रसिद्ध केळ्यांपासून आणि सुक्या मेव्यापासून जपावे, कारण त्यांतील पोटॅशियम त्यांच्या शरीराबाहेर नीट जात नाही. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकत मिळणारे मीठही अशांना देऊ नये. त्यात बहुधा पोटॅशियमच असते. मसाला दुधाविषयी एवढेच सांगेन, की आटवलेल्या दुधाला स्वतःची साखर असतेच. साखर घालण्यापूर्वी लहान पेला बाजूला काढावा, केशर-वेलची त्यातही घालावी आणि तो सर्वांबरोबर हातात द्यावा.

पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा कंपवात असलेल्या व्यक्तीस खुर्चीत ताठ बसवून भरवावे. घास लहान असावा, घास तोंडात असताना प्रश्न विचारू नयेत आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. ठसका लागला आणि खोकता येत असेल, तर खोकू द्यावे. वरून पाणी ओतू नये. आवाजच फुटत नसेल, श्वास अडला असेल, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा द्याव्यात. तेवढ्याने न सुटल्यास मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाबावे. ही कृती घरातील दोघांनी तरी शिकून ठेवावी.

तिसरी गोष्ट जागेची. चांदणे पाहण्यासाठी दिवे मालवून सारे गच्चीवर जातात. अंधारा जिना, सैल चपला आणि लघवीचे औषध घेतलेले आजोबा, हा संयोग मला भिववतो. माकडहाड किंवा खुब्याचे हाड मोडले, तर पुढील अनेक महिने त्याची किंमत मोजावी लागते. आजोबांना वर नेण्याऐवजी कोजागिरीच खाली अंगणात किंवा ओट्यावर आणावी. चंद्र तेथूनही दिसतो. त्यांची खुर्ची हाताची असावी, पाठ भिंतीकडे असावी आणि न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर दिवा जळत राहावा. कमी ऐकू येणाऱ्यांना गोंगाटात शब्द उमगत नाहीत. टीव्ही बंद ठेवावा आणि एकेकाने समोर बसून बोलावे. विस्मृतीच्या रुग्णांना संध्याकाळनंतरची गर्दी असह्य होते. त्यांच्याजवळ एका वेळी दोघे-तिघेच असावेत. नातवंडांची नावे विसरलेल्या एका आजींनी भुलाबाईचे गाणे सुरू होताच शेवटपर्यंत सूर धरला आणि खिरापतही ओळखली, हे मी स्वतः पाहिले आहे.

आता हा लेख वाचणाऱ्या सुनांसाठी, लेकींसाठी आणि शुश्रूषा करणाऱ्या मुलांसाठी थोडेसे. सर्वांना वाढून झाल्यावर थंड भरीत खाणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच असते. वृद्धाची औषधे, पथ्य, अंथरूण तिच्याच शिरावर असते आणि सणाचे पाहुणेही. यंदा तिचे ताट आजी-आजोबांच्या शेजारी, पहिल्याच पंगतीत मांडा. वाढण्याचे काम मुंबई-पुण्याहून आलेल्यांनी करावे. त्या निमित्ताने आईला कोणता घास गिळता येत नाही, वडिलांचा हात किती कापतो, हेही त्यांना जवळून दिसेल. दूरध्वनीवर ते कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीपूर्वी साखर मोजावी. हृदयरुग्णाचे वजन पुढील तीन दिवस रोज पाहावे. ते दोन किलोने वाढले, पायांवर सूज आली किंवा रात्री आडवे झाल्यावर धाप लागू लागली, तर दिवाळीपर्यंत थांबू नये, लगेच डॉक्टरांकडे यावे. आणि घरात साठीचा ज्येष्ठ मुलगा आणि पंचाऐंशीची आई असेल, तर आश्विनीचे तबक त्या आईच्याच हाती द्यावे. हात कापत असेल, तर कोणीतरी खालून तबकाला हात लावावा.